दोन हजार फुटांचे कलम : कॅलिफोर्निया दंडसंहिता ३००३.५ वरील भाष्य

लैंगिक गुन्ह्याची शिक्षा भोगून बाहेर आलेल्या माणसाने कुठे राहायचे नाही, हे सांगणारी कलमे अमेरिकेतल्या अनेक राज्यांत आणि शेकडो शहरांत आहेत. त्यांतले एकच इथे घेतले आहे. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेतले ३००३.५ हे कलम छोटे आहे, त्याची तीनच उपकलमे आहेत. पहिले जुने आहे. दुसरे आणि तिसरे ७ नोव्हेंबर २००६ रोजी मतदारांनी सुमारे सत्तर टक्के मतांनी मंजूर केलेल्या ‘प्रपोझिशन ८३’मधून आले आणि दुसऱ्याच दिवशी अमलात आले. हेच कलम निवडण्याचे कारण असे की, त्याच्या जवळजवळ प्रत्येक शब्दावर कोर्टात भांडण झाले आहे. असे भांडण कुठे हरते आणि कशाच्या बळावर जिंकते, हे त्या निकालांतून नीट समजते.

दुसरे उपकलम म्हणजे या भाष्याचा मुख्य मजकूर. मराठीत तो असा होईल :

“अन्य कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी, कलम २९० अन्वये जिची नोंदणी आवश्यक आहे अशा कोणत्याही व्यक्तीने, कोणत्याही सरकारी वा खासगी शाळेपासून, अथवा जिथे मुले नियमितपणे जमतात अशा उद्यानापासून, दोन हजार फुटांच्या आत राहणे बेकायदेशीर आहे.”

मुलांचे रक्षण हा या वाक्यामागचा हेतू खरा आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच हे वाक्य तो हेतू साधते का, हे शब्दाशब्दाला विचारले पाहिजे.

“अन्य कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी”

आपल्याकडच्या कायद्यांतही पावलोपावली दिसणारी ही शब्दयोजना इथे फक्त इतर कायद्यांना बाजूला सारते. राज्यघटनेला ती हात लावू शकत नाही. सत्तर टक्के मतदारांनी मंजूर केलेला मजकूरसुद्धा शेवटी कायदाच असतो, आणि आव्हान द्यायला जागा मिळते ती इथे.

शेजारच्याच ३००३ या कलमाशी हे कलम जोडून वाचले की आणखी एक पेच दिसतो. पॅरोलवर सुटलेल्या माणसाने, तुरुंगात जाण्यापूर्वी तो ज्या काउंटीत राहत होता तिथेच परतायचे, असा तिथला सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे एक कलम त्याला त्या काउंटीत राहायला लावते आणि दुसरे त्याला त्या काउंटीत घर मिळू देत नाही. दोन्ही कलमे एकदम पाळायची तर रस्त्यावर झोपावे लागते, आणि पुढे तसेच झाले.

“कलम २९० अन्वये जिची नोंदणी आवश्यक आहे अशा कोणत्याही व्यक्तीने”

या वाक्यातला सर्वांत घातक शब्द माझ्या मते ‘कोणत्याही’ हा आहे.

अशा गुन्हेगारांची राज्यव्यापी नोंदवही अमेरिकेत सर्वांत आधी कॅलिफोर्नियाने १९४७ मध्ये सुरू केली. एकदा नाव चढले की ते जन्मभर राहायचे. त्या यादीत लहान मुलांवर अत्याचार करणारे होते, प्रौढांवर बलात्कार करणारे होते आणि सार्वजनिक ठिकाणी अंगप्रदर्शन करणारेही होते. समलिंगी पुरुषांना ‘अश्लील वर्तना’च्या किरकोळ गुन्ह्यात पकडायचे आणि जन्माचे नोंदणीकृत गुन्हेगार करून टाकायचे, असा या यादीचा वापर कित्येक वर्षे होत राहिला. त्या किरकोळ गुन्ह्यासाठी नोंदणी लादणे ही क्रूर वा असाधारण शिक्षा ठरते, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये रीड खटल्यात सांगितले. गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार दहा वर्षे, वीस वर्षे आणि आजन्म असे तीन स्तर व्हायला १ जानेवारी २०२१ उजाडला. प्रपोझिशन ८३ आले तेव्हा त्यांतले काहीच नव्हते. सगळे एका यादीत होते आणि कलमाने ती यादी जशीच्या तशी उचलली.

आता या प्रस्तावाला मिळालेले लोकांतले नाव पाहा : ‘जेसिकाचा कायदा’. फ्लोरिडातल्या होमोसासा गावी फेब्रुवारी २००५ मध्ये नऊ वर्षांच्या जेसिकाला तिच्या झोपायच्या खोलीतून पळवून नेऊन मारण्यात आले. मारणारा रस्त्यापलीकडच्या घरात राहत होता. त्याच्यावर आधीचे गुन्हे होते, त्याची नोंदणीही झाली होती. पण तो जिथे प्रत्यक्ष राहत होता तो पत्ता पोलिसांकडे नव्हता. या घटनेचा राग देशभर पसरला आणि तो अगदी स्वाभाविक होता. पण त्या गुन्ह्यात शाळा नव्हती, उद्यान नव्हते आणि दोन हजार फुटांच्या रेषेने तिथे काहीही बदलले नसते. खरा धडा असा होता की, नोंदणी झालेला माणूस कुठे आहे हे पोलिसांना कळलेच पाहिजे. कलमाने मात्र त्याला नकाशावरून हुसकायचे ठरवले, आणि हुसकलेल्या माणसाचा पत्ता ठेवणे तर आणखीच अवघड असते.

अमेरिकी न्याय खात्याच्या सांख्यिकी विभागाने २००० साली जी आकडेवारी प्रसिद्ध केली, तिच्यानुसार लैंगिक अत्याचार झालेल्या अल्पवयीन मुलांपैकी ३४ टक्के मुलांवर तो घरच्या माणसाने आणि ५९ टक्के मुलांवर ओळखीच्या माणसाने केलेला होता. अनोळखी माणसाचे प्रमाण ७ टक्के होते. आई-वडिलांना भीती वाटते ती शाळेच्या कुंपणाशी उभ्या असलेल्या परक्याची. धोका बहुतेक वेळा घरात येण्याजाण्याची मुभा असलेल्या माणसाकडून असतो, आणि त्याच्याबद्दल हे कलम एक अक्षरही बोलत नाही.

“राहणे”

राहणे म्हणजे नेमके काय, याची व्याख्या कलमात नाही. गाडीत झोपणे म्हणजे राहणे का? आठवड्यातून दोन रात्री बहिणीकडे मुक्काम केला तर? ज्याच्या चुकीमुळे माणूस पुन्हा तुरुंगात जाऊ शकतो, असा शब्द इतका सैल सोडणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे या शब्दाची मर्यादा. या उपकलमाची मनाई राहण्याला आहे, असण्याला नाही. माणूस दिवसभर शाळेसमोरच्या बाकावर बसला तरी हे उपकलम मोडत नाही. रात्री मुले आपापल्या घरी झोपलेली असताना तो शाळेपासून अठराशे फुटांवर झोपला, तर मात्र मोडते. मुले शाळेत नसतानाच्या तासांवरच बंदी घालणारी ही तरतूद कोणत्या धोक्यापासून वाचवते, याचे उत्तर तिच्या समर्थकांनी कधी दिलेले मला दिसले नाही.

याच शब्दावर पहिला मोठा खटला झाला तो ई. जे. यांचा. १ फेब्रुवारी २०१० रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल दिला. अर्जदार चौघे होते. त्यांचे लैंगिक गुन्हे जुने होते आणि आता ते पॅरोलवर सुटले होते ते लैंगिक नसलेल्या दुसऱ्याच गुन्ह्यांतून. गुन्हा आधीचा आणि कायदा नंतरचा, मग हा कायदा मागे जाऊन लागू होतो का, हा त्यांचा सवाल. न्यायालयाने तो फेटाळला. पॅरोलवर सुटणे आणि घर निवडणे या गोष्टी कायदा आल्यानंतरच्या आहेत, त्यामुळे तो मागे जात नाही, असे बहुमताने ठरले. हा मुद्दा अर्जदार हरले. पण राहायला प्रत्यक्ष जागा उरते का, आणि उरत नसेल तर ते घटनेत बसते का, या प्रश्नाला पुरावा लागेल, असे सांगून न्यायालयाने तो भाग खालच्या कोर्टांकडे पाठवला. पुढच्या विजयाची बीजे त्या आदेशात आहेत. अमूर्त युक्तिवाद संपले होते. आता पुरावा गोळा करायचा होता.

“बेकायदेशीर आहे”

बेकायदेशीर आहे, बरे. पण केले तर शिक्षा काय? उपकलम गप्प आहे.

इथे पहिले उपकलम वाचावे लागते. पॅरोलवर सुटलेल्या नोंदणीकृत माणसाने, दुसऱ्या नोंदणीकृत माणसाबरोबर, रक्ताचे, लग्नाचे वा दत्तकाचे नाते नसेल तर, एका कुटुंबासाठीच्या घरात राहू नये, असे ते सांगते. आणि त्यात ‘पॅरोलच्या काळात’ असे शब्द स्पष्ट आहेत. दुसऱ्या उपकलमात ते नाहीत. ते मुद्दाम गाळले असतील, तर बंदी आजन्म ठरते. नजरचुकीने राहिले असतील, तर पॅरोल संपताच ती संपते. राज्याच्या तुरुंग खात्याने प्रत्यक्षात ती पॅरोलवरच्या माणसांपुरती राबवली, कारण पॅरोलची अट मोडली म्हणून तुरुंगात परत पाठवण्याची सोय तिथे तयारच होती.

मराठी वाचकासाठी एक खुलासा. आपल्याकडे पॅरोल म्हणजे शिक्षा चालू असताना मिळणारी रजा. कॅलिफोर्नियात बहुतेक कैद्यांच्या बाबतीत तो ठरलेला तुरुंगवास संपल्यानंतरचा देखरेखीचा काळ असतो.

“कोणत्याही सरकारी वा खासगी शाळेपासून”

यावर फार बोलण्याजोगे नाही. ज्याचा गुन्हा प्रौढ व्यक्तीविरुद्ध होता, त्यालाही बालवर्गाच्या शाळेपासून तेवढेच अंतर.

“अथवा जिथे मुले नियमितपणे जमतात अशा उद्यानापासून”

उद्यान कशाला म्हणायचे, नियमितपणे म्हणजे किती, हे कुठेच ठरवलेले नाही. ज्याला घर शोधायचे आहे त्याने कोणता नकाशा प्रमाण मानायचा? पण या शब्दांचा सर्वांत अस्वस्थ करणारा उपयोग लॉस एंजेलिसमध्ये झाला. शहराच्या हार्बर गेटवे भागात एका वस्तीत नोंदणीकृत माणसे बरीच राहत होती. तिथे २०१३ मध्ये एका मोकळ्या तुकड्यावर चिमुकली बाग करण्याचे काम हाती घेतले गेले, आणि उद्देश उघडपणे सांगितला गेला : बाग झाली की दोन हजार फुटांचा नियम लागू होईल आणि ही माणसे निघतील. अशी माणसे एकाच वस्तीत गोळा झाली ती या कलमाने बाकीचे शहर त्यांना बंद केल्यामुळे. रहिवाशांची तक्रार खोटी नव्हती. आपल्याच गल्लीत इतकी माणसे का, हे विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. उपाय मात्र त्याच कलमातून काढला गेला. त्यामुळे माणसे पुढच्या वस्तीत जातील आणि तिथलेही लोक बाग मागतील.

“दोन हजार फुटांच्या आत”

दोन हजार फूट म्हणजे साधारण सहाशे दहा मीटर. हे अंतर रस्त्याने मोजायचे नसते. मध्ये महामार्ग असो की नदी, ते सरळ रेषेत मोजतात. एका बिंदूभोवती एवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढले तर आत सुमारे २९० एकर जमीन येते, आणि शाळा हा बिंदू नसतो. तिच्या आवाराच्या कडेपासून मोजले की क्षेत्र आणखी वाढते. दोन शाळांमध्ये सव्वा किलोमीटरपेक्षा कमी अंतर असेल तर त्यांची वर्तुळे एकमेकांत शिरतात. शहरात शाळा, मग बाग, मग पुन्हा शाळा अशी रांगच असते. तिथे कोरी जागा उरते ती विमानतळाजवळ, कारखान्यांच्या पट्ट्यात किंवा डोंगरउतारावर.

हा आकडा आला कुठून? आयोवा राज्याने २००२ मध्ये तो वापरला होता. त्या कायद्याला दिलेले आव्हान आठव्या संघीय सर्किट न्यायालयाने एप्रिल २००५ मध्ये फेटाळले. अंतर किती असावे हे अचूक शास्त्राने ठरत नाही, विधिमंडळाला अंदाज करण्याचा अधिकार आहे, असा त्या निकालाचा रोख होता. अठराच महिन्यांनी कॅलिफोर्नियाने तोच आकडा घेतला. तोवर आयोवातले सरकारी वकीलच तक्रार करू लागले होते. त्यांच्या संघटनेने २००६ मध्ये जाहीरपणे सांगितले की, या नियमाने मुले सुरक्षित होत असल्याचे दिसत नाही, उलट माणसे पत्ते लपवू लागली आहेत. आरोपींना तुरुंगात पाठवणे हे ज्यांचे कामच, त्यांनी हे म्हणावे याला मी फार महत्त्व देते. आयोवाने २००९ मध्ये आपला कायदा आक्रसून घेतला. मिनेसोटाच्या तुरुंग खात्याने २००७ मध्ये, सुटकेनंतर पुन्हा लैंगिक गुन्हा करून तुरुंगात आलेल्या २२४ माणसांची प्रकरणे एकेक करून तपासली. अंतराच्या नियमाने त्यांतला एकही गुन्हा टळला नसता, असा निष्कर्ष निघाला.

ई. जे. खटल्याच्या आदेशानंतर सॅन डिएगो काउंटीत जे घडले, ते या भाष्याचा गाभा आहे. तिथल्या पॅरोलवरच्या माणसांनी बंदिप्रत्यक्षीकरणाचे अर्ज केले. अर्जदारांत सगळ्यांचे गुन्हे मुलांविरुद्ध नव्हते. एकाला नातेवाईक घरात घ्यायला तयार असताना घर वर्तुळात येते म्हणून जाता आले नाही. कुणी पॅरोल कार्यालयाच्या मागच्या बोळात झोपत होते, कुणी नदीच्या पात्रात, कुणी गाडीत. काहींना गंभीर आजार होते. ज्या खात्याने त्यांच्यावर देखरेख ठेवायची, त्याच खात्याच्या इमारतीमागे ती माणसे रात्र काढत होती, आणि कागदोपत्री सगळे कायद्याला धरून चालले होते.

त्यांच्या वकिलांनी कोर्टापुढे मालमत्तांच्या नोंदींवरून केलेले नकाशे मांडले. कोणती घरे भाड्याने मिळू शकतात, त्यांतली वर्तुळाबाहेर किती, याचा हिशेब झाला. अन्यथा मिळू शकली असती अशा भाड्याच्या घरांपैकी सुमारे ९७ टक्के घरे या नियमाने बंद झाली होती. उरलेली तीन टक्के घरे रिकामी असतीलच, परवडतीलच, आणि मालक यादीतल्या माणसाला देईलच, याचीही खात्री नव्हती. काउंटीत पॅरोलवर असलेल्या अशा माणसांपैकी सुमारे एक-तृतीयांश बेघर म्हणून नोंदलेली होती. बेघर माणसाने दर तीस दिवसांनी पोलिसांकडे नव्याने नोंद करायची असते. पण ज्याला दारच नाही, त्याच्या दारावर अधिकारी थाप कशी मारणार? औषधोपचार, व्यसनमुक्ती, समुपदेशन, काम, या गोष्टींनी माणूस पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता कमी होते, आणि बेघर माणसाच्या हातून नेमक्या याच निसटतात.

२ मार्च २०१५ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने टेलर खटल्यात एकमताने निकाल दिला. सॅन डिएगो काउंटीत पॅरोलवरच्या सर्वांना हा नियम सरसकट लावणे घटनाबाह्य ठरले. कोणत्या कसोटीवर, हे फार महत्त्वाचे आहे. कायद्याचा त्याच्या उद्देशाशी काही तर्कसंगत संबंध आहे का, एवढेच विचारणारी ही सर्वांत सौम्य कसोटी आहे. तिच्यावर जवळपास कोणताही कायदा तरतो, कारण सरकारला काही सिद्ध करावे लागत नाही, पटण्याजोगे कारण असले तरी पुरते. त्या कसोटीवरसुद्धा हे कलम टिकले नाही. नियमामुळे बेघर वाढले, देखरेख दुबळी झाली, सुधारणेच्या वाटा बंद झाल्या, आणि मुलांच्या रक्षणाचे कारण पुढे जाण्याऐवजी मागे पडले, असे कोर्टापुढच्या पुराव्यातूनच निघत होते.

न्यायालयाने एक दार मात्र उघडे ठेवले आणि ते योग्यच केले. एखाद्या माणसाचा इतिहास पाहून त्याला शाळेपासून दूर ठेवणे आवश्यक वाटले, तर पॅरोल अधिकारी त्याच्यापुरती तशी अट घालू शकतात. त्याच महिन्यात तुरुंग खात्याने राज्यभरासाठी धोरण बदलले आणि सरसकट बंदी थांबवली.

माणूस पाहून निर्बंध घालण्याची ही रीत महाराष्ट्राला अनोळखी नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधले कलम ५६ तडीपारीचे आहे. माणसाला जिल्ह्याबाहेर घालवणे हा दोन हजार फुटांहून कितीतरी कठोर उपाय आहे, आणि त्याचा गैरवापरही होतो. तरी कलम ५९ प्रमाणे आधी त्या माणसाला आरोपांचे सर्वसाधारण स्वरूप लेखी कळवून म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते, कलम ५८ प्रमाणे मुदत दोन वर्षांपुढे जात नाही, आणि कलम ६० प्रमाणे अपील करता येते. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जालना जिल्ह्यातला तडीपारीचा एक हुकूम रद्द केला, तेव्हा हा असाधारण उपाय आहे आणि तो मुक्त संचाराच्या मूलभूत हक्काला बाधा आणतो, हे पुन्हा बजावले. नोटीस, सुनावणी, मुदत आणि अपील, यांतले एकही कॅलिफोर्नियाच्या या उपकलमात नाही.

तिसरे उपकलम : “या कलमातील कोणत्याही गोष्टीमुळे, कलम २९० अन्वये नोंदणी आवश्यक असलेल्या व्यक्तीच्या राहण्यावर आणखी निर्बंध घालणारे स्थानिक नियम करण्यास नगरपालिकांना मनाई होणार नाही.”

राज्याने किमान अंतर ठरवले, कमाल मोकळे सोडले. याचा परिणाम एखाद्या शहराच्या सभागृहात बसून पाहावा. शेजारच्या शहराने नियम कडक केला की तिथली माणसे आपल्याकडे येतील ही भीती, म्हणून आपणही कडक करायचा, मग त्या पलीकडच्याने. अमेरिकेत ठिकठिकाणी याच ओघात पाळणाघरे, ग्रंथालये, बसथांबे यादीत आले. मायामी-डेड काउंटीने अंतर अडीच हजार फूट केले, आणि माणसे खाडीवरच्या ज्युलिया टटल पुलाखाली तंबू ठोकून राहू लागली. ती वस्ती २०१० मध्ये हलवावी लागली.

अशा स्थानिक नियमांविरुद्ध सर्वांत यशस्वी ठरलेला युक्तिवाद अधिकारक्षेत्राचा आहे : या विषयावर राज्याने सविस्तर कायदा केलेला असताना गावाने त्यात आपले नियम घुसवायचे नाहीत. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये गॅलोवे टाउनशिपचा नियम आणि पेनसिल्व्हेनियाने २०११ मध्ये ॲलेघेनी काउंटीचा नियम याच मुद्द्यावर रद्द केला. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये लिन शहराचा नियम रद्द केला. त्या नियमाने शहरातली सुमारे ९५ टक्के राहण्याजोगी मालमत्ता बंद केली होती. त्या निकालात मूळ अमेरिकी आणि जपानी-अमेरिकी लोकांना हुसकावल्याच्या इतिहासाचे स्मरण आहे.

कॅलिफोर्नियात मात्र हा युक्तिवाद अर्धाच चालतो. राहण्यावरच्या निर्बंधांची परवानगी तिसऱ्या उपकलमाने शहरांना दिलेलीच आहे. शहरे तिच्या पुढे गेली तिथे ती फसली. ऑरेंज काउंटीने नोंदणीकृत माणसांना आपल्या उद्यानांत पाऊल टाकायला शेरीफची, तर अर्व्हाइन शहराने पोलीसप्रमुखाची लेखी परवानगी आवश्यक केली होती. जानेवारी २०१४ मध्ये अपील न्यायालयाने दोन्ही नियम रद्द केले : राहण्याबद्दल बोलायची मुभा आहे, कुठे फिरावे याबद्दल नाही. त्यानंतर वकील जॅनिस बेलुची यांनी शहरामागून शहराला कोर्टात खेचले, आणि अनेक शहरांनी खटला लढवण्यापेक्षा नियम मागे घेणे पसंत केले.

उरतात ते केवळ राहण्यावरचे स्थानिक नियम. त्यांच्याविरुद्ध टेलरचाच मार्ग घ्यावा लागतो. राज्याला स्वतःला घटनेने जे करता येत नाही, ते करण्याची परवानगी राज्य शहराला देऊ शकत नाही, हा त्याचा पाया. टेलरच्या अर्जदारांचे स्वातंत्र्य पॅरोलमुळे आधीच आकसलेले होते आणि तरीही ते जिंकले. ज्याचा पॅरोल संपला आहे, जो केवळ यादीत नाव आहे म्हणून शहराच्या नियमाखाली येतो, त्याचे स्वातंत्र्य इतर कुठल्याही नागरिकाएवढेच आहे. त्यामुळे त्याची बाजू अधिक भक्कम आहे. पण सॅन डिएगोचे आकडे त्याला उसने घेता येणार नाहीत. त्याच्या शहरात भाड्याची घरे किती, वर्तुळांबाहेर त्यांतली किती, परवडणारी किती, आणि नियम लागू झाल्यापासून किती माणसे बेघर म्हणून नोंदली गेली, हे त्याच्या वकिलाला त्या शहरापुरते नव्याने सिद्ध करावे लागेल.